पहिलं सिंथपॉप रेकॉर्डिंग गढूळ का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: तिघांचा नवा बँड, शब्द मराठी, दोन जुने अ‍ॅनालॉग सिंथ (सिंथेसायझर), एक छोटं ड्रम मशीन, लॅपटॉप आणि दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस. चार गाण्यांची ईपी (छोटा अल्बम) घरीच करायची आहे. डेमोत एकेका गाण्याचे चाळीसेक ट्रॅक झाले, तरी डेपेश मोड या ब्रिटिश सिंथपॉप बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये असतो तसा मोकळा, टोकदार आवाज येत नाही. कुठलं प्लगइन (आवाज सुधारणारं जोड-सॉफ्टवेअर) घ्यावं?

प्लगइन घेऊ नका. चाळीस ट्रॅक हाच आजार आहे. ज्या रेकॉर्डिंगचं नाव तुम्ही घेतलं आहे, ते कशाकशावर वाजवलं होतं हे आधी पाहा, म्हणजे उलगडा होईल.

डेपेश मोड १९८० मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या बॅसिल्डन गावी जमला. चौघांत सिंथ तीन: व्हिन्स क्लार्ककडे कावाई १०० एफएस, अँडी फ्लेचरकडे मूग प्रॉडिजी, मार्टिन गोरकडे यामाहा सीएस-५. तिन्ही मोनोफोनिक, म्हणजे एका वेळी एकच स्वर. डेव्ह गहान फक्त गायचा. कॉर्ड ऐकवायची तर तिघांना एकेक स्वर वाटून घ्यावा लागे. त्यांना घेणारी म्यूट ही रेकॉर्ड कंपनी डॅनियल मिलर या एका माणसाची होती. त्याने १९७८ मध्ये ‘द नॉर्मल’ या नावाने काढलेली स्वतःची पहिली तबकडी घरीच, कोर्ग ७०० एस आणि चार ट्रॅकच्या टीअ‍ॅक टेप मशीनवर केली होती. ‘स्पीक अँड स्पेल’ हा बँडचा पहिला अल्बम १९८१ मध्ये लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत झाला. वापरात नसलेल्या चर्चमधला हा स्टुडिओ एरिक रॅडक्लिफचा. मिलरने तिथे आपला एआरपी २६०० हा सिंथ आणि एआरपीचाच सिक्वेन्सर (स्वरांची मालिका आपोआप वाजवणारं यंत्र) आणला. ड्रमचे बरेचसे आवाजही त्या २६०० मधूनच घडवले. पहिलं सिंगल ब्रिटनच्या यादीत ५७ व्या क्रमांकावर गेलं, त्याच वर्षीचं दुसरं ११ व्या, तिसरं ८ व्या आणि अल्बम १० व्या. हे सगळं एका स्वतंत्र कंपनीवर, कागदी कराराशिवाय.

यातून घ्यायचा मुद्दा जुन्या यंत्रांच्या मोठेपणाचा नाही. एकाच वेळी एक स्वर काढणाऱ्या वाद्याला नुसतं मागे भरून राहता येत नाही. त्याला ओळखू येईल अशी ओळ वाजवावीच लागते. तीन-चार ओळी, प्रत्येकीची जागा वेगळी, मधे शांतता. मोकळेपणा येतो तो तिथून. तुमच्या चाळीस ट्रॅकमधले निम्मे बहुधा पॅड (मागे लांबवर धरलेले स्वर) आणि दुहेरी-तिहेरी थर असतील. ते सगळे २०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर बसतात आणि गाण्याचा आवाजही नेमका तिथेच असतो.

म्हणून रेकॉर्ड बटण दाबण्याआधी कागद घ्या. कुठल्याही क्षणी किक-स्नेअर धरून ताल, बेस, एक मधली ओळ, एक वरची ओळ आणि गायन, इतकंच वाजेल असा नियम करा. अख्ख्या गाण्यात दहा-बारा ट्रॅकच्या वर जाऊ नका. बेस ए१ ते ए२ म्हणजे ५५ ते ११० हर्ट्झमध्ये ठेवा, मधली ओळ मधल्या सप्तकात, आणि ध्रुवपदाची सुरावट सी५ च्या, म्हणजे ५२३ हर्ट्झच्या आसपास. गायक ज्या सप्तकात गातो तिथली ओळ तो गात असताना बंद, त्याने श्वास घेतला की चालू. कॉर्ड हवीच असेल तर तीन स्वर तीन वेगवेगळ्या ओळींत वाटा. गायन सोडून पाचव्या आवाजाची गरज भासली तर चालू चारांपैकी एक काढून बघा. बहुतेक वेळा काढल्यानेच काम होतं.

पट्टी गायकावरून ठरवा, मग बेसचा सर्वांत खालचा स्वर तपासा. पट्टी डी असेल तर डी१ साडेछत्तीस हर्ट्झच्या आसपास येतो. घरच्या छोट्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, म्हणून तुम्ही तो वाढवत नेता आणि गाडीत सगळं घुमतं. तिथे सरळ डी२, म्हणजे ७३ हर्ट्झ घ्या.

आता आवाज घडवण्याबद्दल. ड्रम मशीनचे तयार आवाज चालतील, पण किमान किक आणि स्नेअर सिंथवर स्वतः करा. या संगीताचा चेहरा तिथेच ठरतो. किकसाठी साईन किंवा ट्रँगल लाटेचा ऑसिलेटर (सिंथमधला स्वर निर्माण करणारा भाग) ५० ते ५५ हर्ट्झवर. त्याच्या पिचला एन्व्हलप (वेळेनुसार चढउतार ठरवणारा भाग) असा द्या की सुरुवात २०० हर्ट्झच्या आसपास होऊन ३० ते ५० मिलिसेकंदांत तळाशी येईल. व्हॉल्यूमचा अटॅक (चढायचा वेळ) शून्य, डिके (उतरायचा वेळ) २०० ते २५० मिलिसेकंद, सस्टेन (टिकून राहणारी पातळी) शून्य. फोनवर किक ऐकू यायला तिच्या तोंडाशी ५ मिलिसेकंदांचा व्हाइट नॉइज जोडा. स्नेअरसाठी दोन थर: १८० ते २०० हर्ट्झचा ट्रँगल, डिके ८० मिलिसेकंद, आणि १ किलोहर्ट्झच्या खालचा भाग छाटलेला नॉइज, डिके १२० ते १८०. हॅट म्हणजे ७ किलोहर्ट्झच्या वरचा नॉइज, डिके ४०. टॉम हवे असतील तर फिल्टरचा रेझोनन्स तो स्वतः वाजू लागेपर्यंत वाढवा आणि कटऑफला (फिल्टर जिथून आवाज छाटतो त्या जागेला) एन्व्हलप द्या. प्रत्येक आवाजाचे आठ-दहा वेगवेगळे फटके नोंदवून ठेवा. अ‍ॅनालॉगचे दोन फटके तंतोतंत सारखे नसतात आणि ठेक्याला जिवंतपणा त्यानेच येतो. एकच फटका कॉपी-पेस्ट केला तर तो गुण हातचा जातो.

बेसमध्ये सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबू. तुमच्या सिंथला दोन ऑसिलेटर आहेत म्हणून ते दोन्ही बेसला लावू नका. दोन ऑसिलेटरमध्ये ५ सेंटचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक ठेवला तर ५५ हर्ट्झच्या स्वरावर त्यांचा आंदोलनाचा वेग सेकंदाला ०.१६ पडतो, म्हणजे साधारण सहा सेकंदांतून एकदा दोघे एकमेकांना खातात. ऐकणाऱ्याला वाटतं की अधूनमधून एखाद्या आवर्तनात बेस गायब झाला. तुम्ही कॉम्प्रेसर लावता, तरी तो परत येत नाही, कारण तिथे आवाज उरलेलाच नसतो. हाच ५ सेंटचा फरक ४४० हर्ट्झवर सेकंदाला सव्वा आंदोलन देतो आणि छान झुलतो. म्हणून डीट्यून (असा किंचित सूरफरक) वरच्या ओळीला, बेसला सॉ किंवा स्क्वेअर लाटेचा एकच ऑसिलेटर. कटऑफ ४०० ते ८०० हर्ट्झ, फिल्टर एन्व्हलपचा डिके १५० ते २००, सस्टेन जवळपास शून्य. १२५ बीपीएमला आठवा भाग २४० मिलिसेकंदांचा आणि सोळावा १२० चा असतो. स्वराची लांबी त्याच्या ५० ते ६० टक्के ठेवा. पुढच्या स्वरावर शेपूट गेली की गढूळपणा आलाच.

दुसरी अडचण किक आणि बेस एकत्र वाजताना येते. जुन्या सिंथचा ऑसिलेटर सतत फिरत असतो. की दाबल्यावर तो लाटेच्या सुरुवातीपासून निघत नाही, असेल तिथून निघतो. ५५ हर्ट्झची एक लाट सुमारे १८ मिलिसेकंदांची. त्यामुळे एका ठोक्यावर बेस किकला उचलून धरतो, तर दुसऱ्यावर तिलाच मारतो. इक्वलायझरने हे सुधारत नाही. बेस एकदा रेकॉर्ड करून थांबू नका. तीच ओळ १६ किंवा ३२ आवर्तनं चालू द्या आणि किकसोबत ऐकून ज्या चार आवर्तनांत दोघांचं जमलंय ती निवडा. एवढ्याने भागलं नाही तर किक वाजताना बेस ३-४ डेसिबलने खाली जाईल असा साइडचेन लावा, रिलीज ८० मिलिसेकंदांच्या आसपास. नाहीतर किकचा तळ बेसच्या मूळ स्वरापासून दोन-तीन अर्धस्वर दूर न्या.

आता सिंक, म्हणजे यंत्रं एका ठेक्यात चालवणं. १९८१ मध्ये मिडी (वाद्यांना एकमेकांशी जोडणारी संकेतपद्धत) नव्हतं, ते १९८३ मध्ये आलं. तोवर टेपच्या एका ट्रॅकवर ठोके नोंदवून त्यावर सिक्वेन्सर चालवत. याच काळात, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि ज्युपिटर-८ (सिंथ) वर रागांना डिस्को ठेक्यावर बसवणारा अल्बम केला. सिंथपॉप नव्हे, पण मोजक्या यंत्रांत किती मावतं हे ऐकायला तो जरूर ऐका. ८०८ आणि ३०३ एकमेकांना जोडतात ते डिन सिंक या जुन्या जोडणीने. तिचा पाच पिनांचा प्लग मिडीसारखाच दिसतो, पण संकेत वेगळा असतो. मिडी केबलने डिन सिंकचं यंत्र लॅपटॉपला जोडून ते का चालत नाही म्हणून तास घालवू नका. रोलँडची डिन सिंक एका ठोक्याला २४ स्पंदनं देते, मिडी क्लॉकही २४. कोर्ग व्होल्कासारख्या यंत्रांची सिंक मात्र एका ठोक्याला २. ठेका दुप्पट किंवा अर्ध्या वेगाने पळत असेल तर या सेटिंगमध्ये बघा. सीव्हीचंही (सिंथला स्वर सांगणाऱ्या व्होल्टेजचंही) तसंच आहे. मूग, रोलँड यांचं गणित एका सप्तकाला एक व्होल्ट. कोर्ग एमएस-२० आणि यामाहा सीएस मालिकेचं हर्ट्झ प्रति व्होल्ट. एकाचा सिक्वेन्सर दुसऱ्याला लावला तर सूर लागणारच नाहीत. यंत्र बिघडलं म्हणून ते दुरुस्तीला देऊ नका.

मिडीतून तीन बाइटचा एक स्वर जायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. सहा स्वर एकाच केबलमधून गेले की शेवटचा ६ मिलिसेकंद मागे. ड्रम मशीनला वेगळी केबल द्या. लॅपटॉपमधून बाहेरचा सिंथ वाजवून परत आत रेकॉर्ड करताना उशीर वाढतो: ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेलाच ५.३ मिलिसेकंद. तो एकदा मोजून घ्या. सिंथवर टोकदार क्लिक लावा, प्रत्येक ठोक्यावर ती रेकॉर्ड करा, लाट मोठी करून ग्रिडपासूनचं (पडद्यावरच्या ठोक्याच्या रेषेपासूनचं) अंतर पाहा आणि त्या सिंथचे सगळे ट्रॅक तेवढे डावीकडे, म्हणजे आधी वाजतील असे सरकवा. दोन सिंथचं अंतर वेगळं येईल. प्रत्येकाचा आकडा त्याच्या पाठीवर चिकटपट्टीने लावून ठेवा. सरकवल्यावर शेवटचा कौल कानाचा. बेस ग्रिडच्या तसूभर मागे बरा वाटतो, हॅट पुढे.

विजेचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर यंत्र जातं. जपानच्या बाजारातला जुना सिंथ १०० व्होल्टचा असतो. बाजारात सर्रास मिळणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ११० व्होल्ट देतो. त्या दहा टक्क्यांनी आतला रेग्युलेटर तापतो, सूर घसरतात आणि कालांतराने भाग जळतो. १०० व्होल्टचाच ट्रान्सफॉर्मर खास सांगून करून घ्या; एका सिंथला १०० व्हीए पुरे. रेकॉर्डिंग इन्व्हर्टरवर करू नका, स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट स्पीकरमध्ये गुरगुरते. गुणगुण ५० हर्ट्झची असेल तर बहुधा अर्थिंगचा फेरा (ग्राउंड लूप) आहे. लॅपटॉप बॅटरीवर घ्या. थांबली तर दोष अडॅप्टरकडे. नाही थांबली तर सिंथ आणि इंटरफेसच्या मधे डीआय बॉक्स (वाद्य आणि इंटरफेस जोडणारी छोटी पेटी) लावून तिच्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थची पिन काढून टाकायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. तो करू नका, जिवावर बेतू शकतं.

सिंथ इंटरफेसच्या लाइन इनपुटमध्ये लावा, माइकच्या नाही. सिंथचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून इंटरफेसवर शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास येऊ द्या, २४ बिटमध्ये. त्याहून मोठं रेकॉर्ड करून काही मिळत नाही. साधी टीएस केबल तीन मीटरपेक्षा लांब नको. व्हीसीओचा (व्होल्टेजवर चालणाऱ्या अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा) सिंथ रेकॉर्डिंगआधी अर्धा तास चालू ठेवा आणि प्रत्येक टेकआधी ट्यूनरवर लावून घ्या. एसी मधेच चालू केला तर पुन्हा लावा, कारण तापमान बदललं की सूर हलतो. मुंबई-कोकणच्या दमटपणात नॉबखालचे पोटेन्शिओमीटर खरखरतात आणि की दाबूनही स्वर येत नाही, तर कधी दोनदा येतो. झाकून, सिलिका जेल घालून ठेवा. खरखर असेल तर टेकआधी नॉब पाच-सात वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टिकाऊ उपाय कॉन्टॅक्ट क्लीनरचा.

एक सवय लावून घ्याच: आवाज ठरला की ऑडिओ रेकॉर्ड करून टाका. मिडी ठेवून ‘नंतर बघू’ म्हटलं की निर्णय कधीच होत नाही. नॉबचा फोटो काढा आणि फाइलला गाण्याचं, सिंथचं, टेकचं नाव द्या.

गाण्याच्या शब्दांकडे येऊ, कारण मराठी सिंथपॉपची खरी कसोटी इथे आहे. यंत्राचा ठेका तसूभरही हलत नाही. भावगीतात गायक शब्द ओढून किंवा आखडून घेतो तशी सोय नसते. ऱ्हस्व अक्षर समेवर आलं की गायकाला ते ताणावं लागतं आणि कानाला खटकतं. यावर घरचंच औषध आहे: मात्रावृत्त. पादाकुलकाची ओळ आठ अधिक आठ, अशी सोळा मात्रांची. १२५ बीपीएमला एक मात्रा म्हणजे आठवा भाग, २४० मिलिसेकंद. लघूला एक, गुरूला दोन. ओळ दोन बारमध्ये, ३.८४ सेकंदांत चपखल बसते. सगळ्या ओळी तशा लिहिल्या तर शाळेतल्या कवितेसारखं होईल. कडवं वृत्तात ठेवा आणि ध्रुवपदात मोजके, दीर्घ स्वरांचे शब्द घ्या. ‘आ’, ‘ओ’ वर लांबवता येतं, ‘इ’, ‘उ’ वर वरच्या पट्टीत गळा आवळतो.

माइक महाग नको. उपचार नसलेल्या खोलीत कंडेन्सरपेक्षा साधा डायनॅमिक बरा, कारण तो खोली कमी ऐकतो. अंतर १० ते १५ सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर, आणि माइक तोंडाच्या रेषेपासून थोडा कलता, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ चा वारा थेट लागणार नाही. गादी किंवा जाड रजई गायकाच्या पाठीमागे टांगा. लोक ती माइकच्या मागे लावतात, पण कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माइक बघतो तो गायकाच्या पाठीमागच्या भिंतीकडे. छताचा पंखा बंद. कॉम्प्रेशन ३ ला १, मोठ्या स्वरांवर ४ ते ६ डेसिबल. सिंथ चकचकीत असतात, त्यात ‘स’, ‘श’, ‘च’ टोचतात; ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसर (असे टोचणारे आवाज दाबणारं साधन) लावा. ध्रुवपदात तीच ओळ खरोखर पुन्हा गाऊन दुहेरी करा. कॉपी करून सरकवलेली ओळ पोकळ वाटते.

एवढं नीट झालं असेल तर मिक्सला फार काम उरत नाही. आधी किक, बेस आणि गायन या तिघांचं जमवा, बाकी नंतर. १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो. सगळ्यांना एकच प्लेट रिव्हर्ब, १.२ ते १.५ सेकंदांचा, प्री-डिले ३० मिलिसेकंद, आणि त्याच्या परतीच्या आवाजातून ३०० हर्ट्झखालचं छाटून टाका. डिले ठेक्याला बांधलेला: १२५ बीपीएमला टिंबाचा (डॉटेड, म्हणजे दीडपट) आठवा ३६० मिलिसेकंद. मधेमधे मोनो दाबून ऐका. वरची ओळ एकदम मागे पडली तर कोरस किंवा स्टिरिओ रुंद करणारं साधन दोषी आहे. ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणाऱ्याला ती तशीच ऐकू येणार. बेस फोनवर हरवत असेल तर तळ वाढवू नका, थोडं सॅच्युरेशन देऊन ३०० ते ८०० मधले त्याचे उपस्वर पुढे आणा. मास्टरचं खरं शिखर उणे १ डेसिबल ठेवा. मोठे प्लॅटफॉर्म आवाज उणे १४ लफ्सच्या (ऐकू येणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) आसपास आणतात, त्यामुळे दाबून चपटं केलेलं गाणं तिथे मोठं न होता फक्त चपटंच ऐकू येतं.

आणि गाणी बाहेर जाण्याआधी तिघांनी बसून कोणी काय लिहिलं ते कागदावर उतरवा. ‘स्पीक अँड स्पेल’च्या ११ गाण्यांपैकी ९ व्हिन्स क्लार्कची होती, आणि अल्बम आला त्याच वर्षाच्या अखेरीस तो बँड सोडून गेला. बाकीचे टिकले, कारण गोर लिहू शकत होता. तरी तुमच्याकडे असं झालं तर हिशेब काय, हे आत्ताच ठरलेलं बरं. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा. शब्द-चालीचे हिस्से टक्क्यांत लिहा, त्यावर तिघांच्या सह्या घ्या; गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घेतलं की त्या हक्काचं मानधन जमा होण्याची वाट मोकळी होते. प्रत्येक गाण्याला स्वतःचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा) क्रमांक लागतो, तो वितरकाकडून मिळतो. तो त्याच कागदावर गाण्याच्या नावापुढे लिहा. ईपीसोबत प्रत्येक गाण्याची गायनाविना आवृत्ती आणि सुटे ट्रॅक २४ बिट वेव्हमध्ये, पहिल्या सेकंदापासून सारख्या लांबीचे, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. रीमिक्स किंवा लाइव्ह कार्यक्रमासाठी ते मागितले जातातच, आणि तोवर सिंथवरचे नॉब कुठे होते हे कुणालाच आठवत नसतं.